उजवा पाय उशिरा पडतो

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते टाचा खाली सोडायचं. हसू नका. दाराच्या पायरीवर चवड्यांवर उभं राहायचं, टाचा मागे हवेत, एक हात चौकटीला, आणि टाचा सावकाश खाली सोडायच्या. मग वर. परत खाली. पंधरा वेळा. रोज दिवेलागणीला, आत गॅसवर कालवण ठेवून, आम्ही म्हातारा-म्हातारी घराकडे तोंड करून पायरीवर लटकलेले असायचो आणि आळीतली माणसं बघून न बघितल्यासारखं करायची.

त्या दिवशी सातव्याला मी घाई केली.

"तांडेल, नांगर टाकताय काय? सावकाश."

मी कधी तांडेल नव्हतो. होडीची जबाबदारी ज्याच्यावर तो तांडेल. मी तीस वर्षं दुसऱ्याच्या होडीवर जाळं ओढणारा खलाशी. हे म्हातारीला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर लग्नापासून ती मला तांडेल म्हणायची.

मागून रस्त्यावरून कोणीतरी गेलं. म्हातारीने मान वळवली नाही. "पिठाच्या गिरणीवाल्याची सून. उजव्या अंगठ्याला लागलंय तिच्या. आठ."

मग दहाव्याला म्हणाली, "आपली पोर शिमग्याला येते म्हणते."

"येऊ दे की."

"येईल. रिक्षातनं दारात उतरेल आणि चालत आत येईल. अकरा."

"मग काय उडत येऊ दे?"

"एकदा धावत आली असती, तर ऐकलं असतं."

"सांग तिला."

"मी? कुठल्या तोंडानं सांगू?"

"मी सांगतो."

"खबरदार. बारा."

पंधरा झाल्यावर ती आत गेली. कालवण जरा खाली लागलं होतं. तेच जेवलो. रात्री झोपली ती सकाळी उठली नाही. डॉक्टर म्हणाला, हृदय. मी म्हटलं, असेल.

आता तिच्याबद्दल सांगायचं तर पायांपासूनच सांगावं लागेल, कारण तिने माणसाचं तोंड कधी धड बघितलंच नाही. ती पाय ऐकायची. चुलीपुढे बसलेली असो की मासळी निवडत असो, आळीत पाऊल वाजलं की हिचा निकाल तयार. हा दारू सोडतो म्हणतो पण सोडलेली नाही. हिचं सासरी पटत नाही. याचा गुडघा दोन वर्षांत जाणार. मी विचारायचो, कशावरून? म्हणायची, "कान लाव." मी कान लावायचो. मला चप्पल ऐकू यायची. बाकी काही नाही.

माणसांच्या तिने तीन जाती केल्या होत्या. टाच आधी आपटतो तो मुसळ. सगळा तळवा एकदम थापतो तो भाकरी. आणि चवडा आधी टेकवून टाच नुसती शिवून घेतो ते मांजर. ती स्वतः मांजर. मी मुसळ. आमदार मतं मागायला आळीत आला होता तेव्हा सगळे त्याच्या गळ्यातले हार बघत होते आणि ही मला कोपराने ढोसून म्हणते, "भाकरी."

मला बघायला आले होते तेव्हाची गोष्ट. म्हणजे मीच बघायला गेलो होतो, पण बघितलं तिने. ती बाहेर आलीच नाही. दाराआडून तिच्या मावशीने निरोप आणला, नवऱ्या मुलाने अंगणातून विहिरीपर्यंत जाऊन यावं. माझा बाप भडकला, बैल विकायला आणलाय काय. मी गेलो आणि आलो. आत काय बोलणं झालं ते मला लग्नानंतर कळलं. ती म्हणाली होती, "मुसळ हाय. म्हातारपणी गुडघे जातील. पण दोन्ही पाय सारखे पडतात. माणूस सरळ हाय." माझे गुडघे गेले. टाचेने गेले की होडीने, ते देवाला ठाऊक. बाकीचं मी माझ्या तोंडाने सांगत नाही.

तिची धाव ज्यांनी बघितली ती माणसं आता थोडी राहिली. होडी किनाऱ्याला लागली की बाया गुडघाभर पाण्यात शिरायच्या, पाटी डोक्यावर, आणि ओल्या वाळूतून लिलावाच्या जागेपर्यंत पळायच्या. तिथून मासळी घेऊन परत पळायच्या ते पहिल्या एसटीपर्यंत. जी आधी अलिबागच्या बाजारात बसेल तिची सुरमई आधी जाईल. सगळ्याच पळायच्या, पण आमची पळायची तेव्हा पाटीतलं पाणी हलायचं नाही. गुडघे जरा वाकलेले, अंग सरळ, आणि पाऊल पडलं की आवाज नाही. पोटऱ्या म्हणाल तर सोललेले नारळ. चप्पल तिच्याकडे होती, पण ती पाटीत, मासळीच्या कडेला फडक्यात बांधलेली. अलिबागला उतरली की पायात घालायची, परतीच्या गाडीतून उतरली की परत पाटीत. मी एकदा म्हटलं, लोकांच्या चपला पायात असतात, तुझ्या डोक्यावर. म्हणाली, "अलिबागच्या रस्त्यासाठी हायेत त्या. पायासाठी न्हाय."

पाटीचं काम सुटलं ते गुडघ्याने नाही, कंबर धरली म्हणून. मग ती किनाऱ्यावर बोंबील वाळत घालायला बसायची. बांबूंना दोऱ्या बांधून त्यांच्यावर बोंबील, खाली सावलीत ही. त्याच वेळी रेवदंड्याला शनिवार-रविवारची माणसं वाढली. मांडव्याला बोटीतून उतरायची, इथल्या घरांमधून राहायची आणि सकाळी रंगीत बूट घालून किनाऱ्यावर धावायची. म्हातारीला तर पर्वणीच. बसल्या जागेवरून ओरडायची.

"अवो शेट! जमिनीनं तुमचं काय घोडं मारलंय? किती आपटताय!"

काही हसायचे, काही कानातली वायर काढून "क्या?" म्हणायचे. एक गृहस्थ मात्र थांबला. चाळिशीचा, हातात मोठं घड्याळ. म्हणाला, "आजी, गुडघा दुखतो. काय करू?" हिने त्याला बूट काढायला लावले, ओल्या वाळूवर धाववलं, परत बोलावलं, परत धाववलं. लुगड्याचा काष्टा आवळून स्वतः चार पावलं धावून दाखवली. साठीला टेकलेली बाई. तो माणूस तोंडात बोट घालून बघत राहिला.

वर्षाने तो परत आला, पेढे घेऊन. गुडघा थांबला होता. तिच्या पाया पडला. सांगत होता, "आजी, पहिले दोन महिने नुसता चालताना बदल केला. मग रोज पाच मिनिटं. सगळं वर्ष गेलं त्याच्यात." मी शेजारीच बसलो होतो, मी ऐकलं. म्हातारीने त्यातलं एवढंच ऐकलं की गुडघा थांबला. सगळ्या आळीत पेढे वाटले. त्यानंतर आठ दिवस तिच्याशी बोलायची सोय नव्हती.

आमची पोर उशिरा झालेली, एकटीच. बारावी झाली, नंतर दोन-तीन नोकऱ्या धरल्या नि सोडल्या आणि मग डोक्यात घेतलं, पोलीस व्हायचं. मुलींना आठशे मीटर धावावं लागतं, वेळ लावतात, त्यावर मार्क. पोर पहाटे उठून शाळेच्या मैदानात धावायची, दुकानातून आणलेले बूट घालून. धावायची मुसळ. बापाची पोर.

भरतीचं मैदान दीड महिन्यावर आलं होतं. पोरीची वेळ चांगली होती, पण तिला अजून कमी करायची होती. म्हातारीने पायरीवर बसून तिचं येणं ऐकलं आणि म्हणाली, "तू किती पळतेस त्यातलं निम्मं जमिनीत जातंय. काढ ते बूट."

"आये, सवय हाय मला."

"मला पन्नास वर्षांची हाय. काढ."

पोरीने काढले. आईवर विश्वास होता तिचा, आणि पेढ्यांची गोष्ट ताजी होती. आईने तिला मांजर केलं. दोन दिवसांत केलं. वाळूवर एक दिवस, आणि मैदान वाळूचं नसतं म्हणून दुसऱ्या दिवसापासून डांबरी रस्त्यावर. पहिला आठवडा पोर खूश. घड्याळात चार सेकंद कमी झाले. म्हातारी आळीभर सांगत सुटली. मी काही बोललो नाही. काथ्याचा नवा दोर पहिल्याच दिवशी भरल्या जाळ्याला कोणी लावत नाही. आधी भिजवतो, हलक्या कामाला घेतो, मग जाळ्याला. तीस वर्षं मी दोर हाताळले. मला कळायला पाहिजे होतं. पण पायांच्या बाबतीत आपलं काय चालतं, म्हणून गप्प बसलो. ती चूक माझी.

मैदानाला दहा दिवस राहिले होते. पोर रस्त्याच्या वळणावर होती. अर्ध्या धावेत थांबली आणि खाली बसली. म्हणाली, मागून कोणी दगड मारला असं वाटलं. मागे कोणी नव्हतं. उजव्या टाचेच्या वरची शीर. सगळी तुटली नव्हती, फाटली होती. रिक्षात घालून आम्ही अलिबागला नेलं.

डॉक्टरने पाय बांधला आणि पुढे व्यायामासाठी एका ताईकडे पाठवलं. तरुण मुलगी होती, पण हुशार. म्हातारीने तिला पहिल्याच दिवशी विचारलं, "टाचेवर धावणं वाईट ना? खरं सांग."

ताईने कागदावर पाय काढला. म्हणाली, "आजी, टाच आधी पडली की गुडघ्याला जास्त सोसावं लागतं. चवडा आधी पडला की ही टाचेमागची शीर आणि पोटरी जास्त राबतात. ओझं तेवढंच असतं, कोणी उचलायचं एवढाच फरक. एक पद्धत चांगली आणि एक वाईट, असं नसतं."

"मग माझी शीर कशी न्हाय फाटली?"

"पाटी घेऊन पहिल्यांदा धावलात तेव्हा केवढ्या होतात?"

"सात. आठ असेन."

"तुमच्या शिरेला तयार व्हायला सगळा जन्म मिळाला. हिच्या शिरेला तुम्ही महिना दिलात. तोही डांबरावर."

घरी येऊन म्हातारीने पोरीला उशी दिली, पाय वर ठेवला. मग पोर भिंतीकडे तोंड करून बोलली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"आये, मला तुझे पाय नको होते. माझेच बरे होते."

त्या वर्षीचं मैदान गेलं. पोर आईशी बोलायची बंद झाली. आणि म्हातारीने पाय ऐकणं सोडलं. किनाऱ्यावर बोंबलांच्या खाली बसायची ती समुद्राकडे पाठ करून. रंगीत बुटांचे लोक मागून धप धप जायचे, ही बोंबील उलटे करत राहायची. शेजारच्या बाया मला विचारायच्या, "काका, काकीला बरं न्हाय काय? कोणाला शिव्या देत न्हाय ती." मला पण करमेना. घरात एवढी शांतता, तशी मी फक्त होडीवर वारा पडला की बघितली होती.

एक दिवस दोऱ्या बांधताना ती आपण होऊन म्हणाली, "मला आधी ऐकू आलं होतं."

"काय?"

"तिचा उजवा. सकाळी उठून न्हाणीकडे जायची तेव्हा उशिरा पडत होता. आठ-दहा पावलं, मग सरळ. पंधरा दिवस आधीपासून. मी म्हटलं, नवीन हाय, मुरेल." दोरीची गाठ तिने तीनदा बांधली आणि तीनदा सोडली. "सगळ्या गावाचे पाय सांगितले. पोरीचा सांगितला न्हाय. चार सेकंद कमी झाले होते ना."

मी गाठ बांधून दिली.

ताईने शिकवलेला व्यायाम म्हणजेच तो, टाचा सावकाश खाली सोडायचा. दुखलं तरी थोडं थोडं करायचा, कित्येक महिने. पोर पायरीवर उभी राहिली की म्हातारी येऊन शेजारी उभी राहायची आणि तिच्याबरोबर स्वतः करायची. पंधरा. कोणी सांगितलं नव्हतं तिला. मोठ्याने आकडे मोजायची. पोर बोलायची नाही, पण आकड्यावर टाच सोडायची. सकाळ-संध्याकाळ हे चालायचं. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं मायलेकी मजेत आहेत.

असे दोन महिने गेले असतील. एका सकाळी म्हातारी मोजताना चुकली. "बारा," म्हणाली, खाली गेल्या, वर आल्या, परत "बारा."

"तेरा, आये," पोर म्हणाली. "बारा झाले."

म्हातारी म्हणाली, "तेरा." चौदा आणि पंधरा तिने मोजलेच नाहीत. चौकटीवर डोकं ठेवून उभी राहिली. पोरीने मोजले दोन्ही.

पुढच्या भरतीला पोर उतरली. बूट घालून, टाच आधी, स्वतःच्या पायाने. तोवर तिने सगळं पहिल्यापासून हळूहळू वाढवत आणलं होतं, ताईच्या देखरेखीखाली, अलिबागच्या मैदानावर. गावात धावली नाही. मैदानाच्या दिवशी म्हातारी माझ्याबरोबर आली, पण आत आली नाही. भिंतीच्या बाहेर पाठ टेकून बसली. मी म्हटलं, ऐकू येतंय काय? म्हणाली, "एका वेळी एवढ्या पोरींचे पाय. त्यात आपली कुठली, कसं कळणार?" पोर पास झाली. मी बाहेर येऊन सांगितलं. तिने विचारलं, "उजवा?" मी म्हटलं, पास झाली म्हणतोय ना. म्हणाली, "ते ऐकलं. उजवा कसा पडत होता?" मला काय ठाऊक. मी नंबर बघत होतो.

पोर पोलिसात लागली, पनवेलला. महिन्या-दोन महिन्यांनी येते. आईशी सगळं बोलायची, हसायची, तिच्यासाठी काय काय आणायची. पण आमच्या आळीत ती धावली नाही. सुट्टीच्या दिवशी सकाळी धावते, असं सांगायची फोनवर, पण इथे आली की बूट पिशवीत. आईला मागचं आठवेल म्हणून ती धावायची नाही. पोरीला टोचेल म्हणून आई सांगायची नाही. आणि मी दोघींच्या मध्ये बसून बोंबील खायचो.

म्हातारी दर खेपेला तिचं चालणं ऐकायची. मला हळूच सांगायची, "चालताना कळत न्हाय. चालताना सगळेच गुणी. धावल्याबिगर उजवा खरा काय ते सांगत न्हाय." चार वर्षं तिला एवढंच पाहिजे होतं. बाकी लोकांचे पाय ती हळूहळू परत ऐकायला लागली, शिव्या पण सुरू झाल्या, मला पायरीवर उभं केलं, "तुमच्या पण दोऱ्या सुकल्यात, तांडेल." पण शिवी देताना पहिल्यासारखी छाती काढून नाही. देऊन झाली की वर एक शब्द टाकायची, "सावकाश करा हां." मुंबईच्या माणसांना वाटायचं, म्हातारी मायाळू आहे.

तर ती सकाळ. तिला न्हाऊ घालून बाहेरच्या खोलीत ठेवली होती. दारातून तिचे पाय दिसत होते. पोरीला उजाडताच कळवलं होतं, तिच्यासाठी सगळे थांबले होते. नऊ-साडेनऊला रिक्षा दारात आली. बायांनी हंबरडा फोडला. पोर वर्दीत होती, रात्रपाळीवरून तशीच निघालेली, पायात काळे बूट. तिने एक पाय खाली टेकला आणि मी पायरीवर उभा राहिलो.

"उतर. पण आत येऊ नको," मी म्हटलं. "नाक्यावर जा. तिथून धावत ये."

बाया रडायच्या थांबल्या. माझ्या धाकट्या भावाने दंड धरला. "दादा, डोकं ठिकाणावर हाय काय? पोरीला आत येऊ दे."

"तू गप. नाक्यावर जा गं."

पोर माझ्याकडे बघत राहिली. मग दारातून आईच्या पायांकडे बघितलं. वाकून बुटाची नाडी सोडायला लागली.

"बूट राहू दे," मी म्हटलं. "तू धावतेस तशी ये."

ती नाक्यापर्यंत चालत गेली. मी आत येऊन म्हातारीच्या डोक्याशी बसलो. कोणीतरी हुंदका दिला, त्याला म्हटलं, जरा गप बसा. माणसं गप बसली. म्हातारा गेला कामातून, असं म्हणून का होईना, पण बसली.

मग सिमेंटवर पाय वाजले. मुसळ. टाच आधी, जडशीळ बूट. विजेच्या खांबाशी, मग गिरणीपाशी, मग आमच्या कुंपणाशी. मला कान नाही. पंचेचाळीस वर्षं ती म्हणत होती कान लाव, आणि मी लावला तो आता. डावा, उजवा, डावा, उजवा. मला तर फरक कळला नाही. असता तर तिला कळला असता.

मी वाकून तिच्या कानात सांगितलं, "सारखे पडतायत गं."

मग बाजूला सरलो आणि पोरीला आत यायला वाट दिली.